डावा खालचा कोपरा

१९९५ ते २०१२ या सतरा वर्षांत विंडोज वापरणाऱ्याला पडद्याचा डावा खालचा कोपरा शोधावा लागत नसे. हात आपसूक तिकडे जाई. तिथे ‘स्टार्ट’चे बटण असे, आणि पत्र लिहायचे असो, हिशेब मांडायचा असो की संगणक बंद करायचा असो, वाट तिथूनच निघे. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची विंडोज ८ ही प्रणाली विक्रीला आली आणि तो कोपरा रिकामा झाला. संगणक सुरू केला की आता रंगीत चौकोनांची एक भिंत समोर येई, बोटाने आडवी सरकवायची. स्पर्शाला दाद देणारा पडदा मात्र तेव्हा थोड्यांच्याच टेबलावर होता. बाकीच्यांच्या हातात तोच जुना माऊस होता. पुढे तीन वर्षे जी तक्रार चालली, तिचे एक सोपे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले आणि आजही दिले जाते, की माणसांना मुळात बदल नको असतो. हे स्पष्टीकरण पुराव्याला उतरत नाही. हीच माणसे त्याच वर्षांत कळांचे फोन टाकून स्पर्शाचे फोन घेत होती, आणि कुणाकडूनही न शिकता ते चालवत होती. माझे म्हणणे असे, की लोकांनी बदल नाकारलाच नाही. त्यांच्या अंगवळणी पडलेले ज्ञान हिशेबातून वगळले गेले होते, आणि ते हिशेबात धरा एवढेच त्यांचे मागणे होते.

हे ज्ञान कसे तयार झाले ते आधी पाहिले पाहिजे, कारण ते कुणी वरून दिलेले नव्हते. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ नावाची एक खिडकी असे, तिच्यात छोट्या खिडक्या, त्यांत चित्रे, आणि त्यांवर दोनदा टिचकी मारायची. नवख्या माणसाला दोन टिचक्यांमधला वेळ साधत नसे. उघडलेली एक खिडकी दुसरीच्या मागे गेली की ती हरवलीच असे वाटे. पुढच्या आवृत्तीचे काम ‘शिकागो’ या टोपणनावाने चालू असताना मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी माणसांना संगणकासमोर बसवून ती कुठे अडतात हे पाहिले, आराखडा मोडला, पुन्हा मांडला, पुन्हा माणसे बसवली. या चाचण्यांचा वृत्तांत त्या गटातल्या केंट सलिव्हन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्धही केला. अडचण सर्वांत मोठी होती ती पहिल्या पावलाची: संगणक सुरू झाला, आता काय करायचे? म्हणून एक बटण, त्याची जागा कायमची एकच, आणि त्यावर ‘सुरुवात’ हाच शब्द. शेजारी टास्कबार, म्हणजे उघडलेली प्रत्येक खिडकी नजरेसमोर. एवढे करूनही कुणी गोंधळलाच तर टास्कबारवर बाण सरकत येई आणि सुरुवात इथून करा असे सांगे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली तेव्हा जुना प्रोग्रॅम मॅनेजरही तिच्या पोटात शिल्लक ठेवलेला होता. ज्याला नव्या वाटेने जायचे नव्हते त्याला जुनी वाट बंद नव्हती.

पुढच्या आवृत्त्यांनीही हा शिरस्ता पाळला. २००१ च्या एक्सपीत स्टार्ट मेनू दोन रकान्यांचा झाला, पण एका खुणेसरशी तो जुन्या रूपात आणता येई. २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा बटणावरचा ‘स्टार्ट’ हा शब्दच गेला आणि उरले फक्त गोल चिन्ह. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाटी काढून टाकली तरी कुणी वाट चुकले नाही, कारण तोवर लोक बटणावरचा शब्द वाचत नव्हते. जागा पुरेशी होती. शब्द वाचून केलेली कृती आणि जागा ओळखून केलेली कृती यांत फार अंतर आहे. पहिलीला लक्ष लागते. दुसरी होताना लक्ष हातातल्या कामावर राहते, पत्रावर, ताळेबंदावर, समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकावर. हाताला वळण लागणे असे आपण लिपीबद्दल म्हणतो, रांगोळीबद्दल म्हणतो, तबल्याबद्दल म्हणतो. कोट्यवधी लोकांच्या हातांना या कोपऱ्याचे वळण लागले होते, आणि ते लागायला बारा-पंधरा वर्षे गेली होती.

आता स्पर्शाची बाजू. पडद्याला बोट लावणे ही कल्पना आयफोनबरोबर जन्मली असे समजले जाते, पण तिचा इतिहास माऊसइतकाच जुना आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो ४ या शिक्षणयंत्रणेच्या पडद्यावर १९७२ मध्येच सोळा बाय सोळा घरांची स्पर्शजाळी होती. विद्यार्थी उत्तरावर बोट ठेवत. १९८३ मध्ये ह्युलेट पॅकार्डने एचपी-१५० हा टेबलावरचा संगणक काढला. त्याच्या पडद्याभोवती अवरक्त किरणांची चौकट होती आणि बोटाने ते किरण अडले की संगणकाला जागा कळे. तो फार चालला नाही. कारण मानवी शरीरात आहे. टेबलावर उभ्या असलेल्या पडद्याकडे हात लांबवून काम करायचे म्हणजे दंड अधांतरी राहतो, आणि थोड्या वेळात खांदा भरून येतो. या थकव्याला त्या धंद्यात ‘गोरिलाचा हात’ असे नाव पडले. उलट माऊस चालवताना मनगट टेबलावर टेकलेले असते आणि दोन-तीन इंच हालचालीत सगळा पडदा पालथा घालता येतो. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम सांगतो की लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. बोटाचे टोक जाड, म्हणून बोटासाठी लक्ष्ये मोठी हवीत. कर्सरचे टोक बारीक, म्हणून माऊससाठी ती लहान आणि दाट चालतात, किंबहुना दाट असलेलीच बरी, कारण एका नजरेत जास्त मावते. तेव्हा बोटाचा पडदा आणि माऊसचा पडदा यांतला फरक रंगरंगोटीचा नसतो. दोन वेगळ्या अवयवांची ती दोन वेगळी मापे आहेत.

स्पर्श जिथे खरोखर शोभतो त्या जागा पाहिल्या तर हेच दिसते. मुंबईच्या लोकल स्थानकांवर तिकिटाची स्वयंचलित यंत्रे विंडोज ८ च्या आधीच आली होती. माणूस उभा असतो, काम अर्ध्या मिनिटाचे, बटणे ठसठशीत, आणि चुकले तर मागे येता येते. तिथे माऊस ठेवला असता तर अनर्थ झाला असता. हातात धरलेल्या फोनवर किंवा मांडीवरच्या टॅब्लेटवरही बोटच योग्य, कारण पडदा शरीराजवळ असतो आणि कोपर टेकलेले असते. पण तिकिटाच्या त्या यंत्रावर उभे राहून कुणी दिवसभर पगारपत्रक करणार नाही.

मग एवढी जाणती कंपनी या वाटेला का गेली? कारण भीती खरी होती. मायक्रोसॉफ्ट टॅब्लेटच्या मागे दहा वर्षे लागलेली होती. विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती नोव्हेंबर २००२ मध्येच निघाली होती. पण ती म्हणजे नेहमीची विंडोज आणि सोबत एक लेखणी. बारीक मेनूंवर टोचत बसायचे, वर यंत्र जड आणि महाग. २००७ मध्ये आयफोन आला आणि एप्रिल २०१० मध्ये आयपॅड. आयपॅडने टेबलावरच्या प्रणालीतले जवळजवळ सगळे टाकून दिले होते, म्हणूनच तो बोटाला जमला. त्याचा खप पाहून संगणकाच्या धंद्यात धडकी भरली. मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा एक सुंदर नवी दृश्यभाषा तयार होती. झून या गाणी ऐकण्याच्या यंत्रात ती अंकुरली आणि २०१० च्या विंडोज फोन ७ मध्ये बहरली: मोठी मोकळी अक्षरे, सपाट रंग, हलत्या माहितीचे चौकोन. रेल्वे-बसस्थानकांवरच्या दिशाफलकांवरून तिला ‘मेट्रो’ म्हणत. फोनवर ती शोभतच होती. विंडोजचे प्रमुख स्टीव्हन सिनोफ्स्की यांनी हीच भाषा टेबलावर आणायचे ठरवले, आणि तीही तडजोड न करता: एकच प्रणाली टॅब्लेटवर आणि संगणकावर, बोटाला आणि माऊसला. जून २०११ मध्ये तिचे पहिले दर्शन झाले. सप्टेंबरमध्ये अनाहाइम इथल्या परिषदेत प्रणालीकारांना ती चाखायला दिली गेली, आणि सोबत सॅमसंगचा एक टॅब्लेटही दिला गेला.

प्रत्यक्ष हाती आल्यावर काय होत होते ते जरा तपशिलात सांगायला हवे, कारण बोलणारे बरेचदा चौकोनांच्या रंगावर अडून राहतात आणि खरा त्रास रंगाचा नव्हता. चौकोनांमागे जुना डेस्कटॉप होताच, पण तो आता अनेक चौकोनांपैकी एक झाला होता. नव्या प्रकारचा प्रोग्रॅम उघडला तर तो सगळा पडदा व्यापी. त्याला चौकट नसे, फुली नसे; बंद करायला पडद्याच्या माथ्याला धरून त्याला तळापर्यंत ओढत न्यावे लागे. बोटाने ही हालचाल झोकात होते, माऊसने ती घाम काढते. उजव्या कडेबाहेर पाच खुणांची एक पट्टी दडलेली असे, तिला ‘चार्म्स’ म्हणत. बोटाने कडेवरून आत सरकवले की ती येई. माऊसवाल्याने कर्सर कोपऱ्यात नेऊन थोडे थांबायचे आणि मग वर किंवा खाली जायचे. संगणक बंद करण्याची सोय या पट्टीतल्या सेटिंग्जच्या पोटात होती. कंट्रोल पॅनेल होते, आणि शिवाय ‘पीसी सेटिंग्ज’ नावाचे दुसरे दालन. काही गोष्टी इथे, काही तिथे. इंटरनेट एक्सप्लोररही दोन, एकात उघडलेली पाने दुसऱ्याला ठाऊक नसत. शिवाय १०२४ बाय ६०० ठिपक्यांच्या पडद्याचे जे छोटे नेटबुक त्या काळात विद्यार्थ्यांनी घेतले होते, त्यांवर नवे प्रोग्रॅम उघडतच नसत, कारण किमान १०२४ बाय ७६८ ची अट होती.

या साऱ्यात बटण काढण्याचा निर्णय आकडे पुढे करून समर्थिला गेला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी जाहीरपणे मांडले की व्हिस्टाच्या तुलनेत विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेनूचा वापर ११ टक्क्यांनी घटला आहे. लोक आवडते प्रोग्रॅम टास्कबारवर टाचून ठेवतात आणि तिथूनच उघडतात. आकड्यांबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. ते खुशीने माहिती पाठवणाऱ्या खऱ्या संगणकांवरून आलेले होते. शंका आहे ती त्यांच्या अर्थाबद्दल. एखाद्या जागी किती वेळा टिचकी पडली हे मोजल्याने त्या जागेवर किती जण विसंबून आहेत हे कळत नाही. घराचा मागचा दरवाजा महिन्यातून दोनदा उघडत असेल, म्हणून तिथे भिंत घालत नाहीत. क्वचित लागणारा प्रोग्रॅम, नाव न आठवणारे साधन, बंद करण्याची कळ, आणि काहीच सुचेनासे झाले तर परत येण्याचे ठिकाण, अशी कामे टिचक्यांच्या बेरजेत लहान दिसतात. १९९५ च्या वेळी पुरावा माणसे पाहून मिळवला होता. २०११ मध्येही प्रयोगशाळेतल्या चाचण्या थांबल्या नव्हत्या, पण जगापुढे मांडलेल्या युक्तिवादाचा कणा मोजणीचा होता, आणि मोजणीला फक्त हाताची हालचाल दिसते, हाताचा भरवसा दिसत नाही. लोकांनी तेव्हाच हरकती घेतल्या होत्या. सप्टेंबरच्या चाचणी आवृत्तीत एक नोंद बदलून जुना मेनू परत आणता येत होता. फेब्रुवारी २०१२ च्या आवृत्तीत ती पळवाट बुजवली गेली आणि बटणही गेले. विंडोज ९५ ने जपलेला शिरस्ता इथे तुटला.

यावर पहिला आक्षेप असा की कुरकुर प्रत्येक वेळी होते आणि विरते. उदाहरण जवळचेच आहे. ऑफिस २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्डचे आणि एक्सेलचे जुने मेनू काढून रुंद ‘रिबन’ आणली, तेव्हाही ओरड झाली होती, आणि पुढे लोक तिला सरावले. ऑफिसची सूत्रे तेव्हा सिनोफ्स्की यांच्याकडेच होती आणि रिबनच्या कामात ज्युली लार्सन-ग्रीन यांचा मोठा वाटा होता. तीच जोडी विंडोज ८ पुढे नेत होती, त्यामुळे हेही पेल्यातले वादळ ठरेल असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. पण रिबनने काय केले होते? मेनूच्या पोटात दडलेल्या आज्ञा तिने बाहेर, डोळ्यांसमोर मांडल्या. जुने वळण मोडले तरी नवे लागायला दिसणारा आधार होता. विंडोज ८ ने नेमके उलट केले आणि दिसत होते ते दडवले. वापरसुलभतेचे जाणकार जेकब निल्सन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये बारा अनुभवी वापरकर्त्यांना नव्या प्रणालीपुढे बसवले, आणि त्यांचा निष्कर्ष नवख्यांना व मुरलेल्यांना, दोघांनाही प्रतिकूल असा होता. दडलेली पट्टी गरजेच्या वेळी आठवत नाही, दोन वेगळी जगे डोक्यात बाळगावी लागतात आणि एका वेळी एकच खिडकी व्यापून राहिली की तुलनेचे, जुळवाजुळवीचे काम अडते, असे त्यांना आढळले. तेव्हा रिबनचा दाखला बचावाच्या उपयोगी पडत नाही. बदल नवा आहे एवढ्यावरून तो पचेल की नाही ठरत नाही, पुढचे पाऊल दिसते की नाही यावरून ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वेळ नव्हता, आयपॅड दारात उभा होता, आणि दोन प्रणाली वेगळ्या ठेवल्या असत्या तर टॅब्लेटसाठी कुणी प्रोग्रॅम लिहिलेच नसते. कोट्यवधी संगणकांवर चौकोनांची भिंत लादली, तरच लिहिणारे नव्या प्रकारच्या प्रोग्रॅमांकडे वळणार होते. हा व्यापारी तर्क मला समजतो, आणि तो मूर्खपणाचा होता असे मी म्हणणार नाही. पण त्यात टेबलावरच्या माणसाचा सराव दुसऱ्या बाजारातले भांडवल म्हणून वापरला गेला, आणि ज्याचा सराव मोडला त्याच्या पदरात मोबदला काहीच पडला नाही. आणि दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. ॲपलने फोनची प्रणाली आणि मॅकची प्रणाली वेगळी ठेवली. एप्रिल २०१२ मध्ये टिम कुक यांनी टोस्टर आणि फ्रिज एकत्र करण्याची उपमा देऊन हा मार्ग आपल्याला मान्य नसल्याचे सांगितलेही होते. लिनक्सच्या जगातला पुरावा तर फारच बोलका आहे. एप्रिल २०११ मध्ये, विंडोज ८ च्या दीड वर्ष आधी, ग्नोम ३ आणि उबुंटूचे युनिटी हे दोन नवे डेस्कटॉप आले. त्यांच्यावरही लहान पडद्यांची आणि स्पर्शाची छाया होती. तिथे वापरणारे स्वतः प्रोग्रॅम लिहिणारे, बदलाला न घाबरणारे. त्यांनीही तक्रार केली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ग्नोम ३ सोडून साधा एक्सएफसीई डेस्कटॉप धरला. काहींनी जुन्या ग्नोमची शाखा काढून ‘माटे’ चालवला, लिनक्स मिंटने ‘सिनॅमन’ घडवला. स्रोत खुला असल्यामुळे त्यांना आपली मोडलेली वाट पुन्हा बांधता आली. विंडोजवाल्यांना ती सोय नव्हती, तरी त्यांनीही तेच केले. क्लासिक शेल हे फुकट साधन आणि स्टारडॉकचे विकतचे स्टार्ट८ लोकांनी उतरवून घेतले, आणि पुढे लेनोव्होसारखा बलाढ्य निर्माताही आपल्या यंत्रांवर दुसऱ्याचा स्टार्ट मेनू बसवून देऊ लागला.

सगळीकडे एकच प्रणाली या तर्काची सर्वांत कडक परीक्षा सर्व्हरच्या खोलीत झाली. विंडोज सर्व्हर २०१२ ला हीच चौकोनांची भिंत दिली गेली. सर्व्हर हे कपाटात कोंबलेले यंत्र. त्याला बहुधा पडदाच नसतो, स्पर्शाचा तर प्रश्नच नाही. त्याची देखभाल करणारा माणूस दूरच्या संगणकावरून, एका खिडकीतून त्याच्यात शिरतो. त्या खिडकीचा कोपरा म्हणजे खऱ्या पडद्याचा कोपरा नव्हे. कर्सर तिथे टेकवायला गेले की तो निसटून बाहेर पडे, कारण अडवायला कड नव्हती. कोपऱ्यात नेऊन थांबायचे ही युक्ती फिट्सच्या नियमातून आली होती: पडद्याची कड कर्सरला थोपवते, म्हणून कोपरा हे गाठायला सोपे लक्ष्य ठरते. कडच नाहीशी झाली की तोच कोपरा पडद्यावरचे सर्वांत अवघड लक्ष्य होतो. यंत्रणा चालवणाऱ्या या मंडळींना बदलाचा धसका होता असे कोण म्हणेल? दर दोन-तीन वर्षांनी नवे काही शिकणे हाच त्यांचा व्यवसाय आहे.

महाराष्ट्रापुरते एक सांगायला हवे. इथल्या लाखो लोकांची संगणकाशी ओळख २००१ पासून एमकेसीएलच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमातून झाली. शासकीय नोकरीच्या अनेक पदांना ती अर्हता लागते, म्हणून तालुक्याच्या गावीही तिची केंद्रे निघाली. अशा शिक्षणात ज्ञान पायऱ्यांच्या रूपाने येते: आधी स्टार्ट, मग प्रोग्रॅम्स, मग हवे ते. ज्याच्या घरी संगणक नाही, जो केंद्रातल्या तासाभरात वहीत पायऱ्या उतरवून घेतो, त्याच्यासाठी पहिली पायरी काढून घेणे म्हणजे वहीच निकामी करणे. मराठी टंकलेखनाचा इतिहास याच्या शेजारी ठेवून पाहावा. संगणक आले तेव्हा सरकारी कचेऱ्यांत रेमिंग्टनच्या मराठी यंत्रावर बोटे बसलेले टंकलेखक होते. ध्वनीच्या रचनेवर उभारलेला इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला तर्कशुद्ध होता, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच होता. तरीही पुण्याच्या सी-डॅकने आपल्या आयएसएम या साधनात इनस्क्रिप्टबरोबर टंकयंत्राची जुनी मांडणीही ठेवली. कचेरीतल्या बाईंनी वीस वर्षांत बोटांत साठवलेला वेग त्यामुळे वाया गेला नाही, आणि नव्याने शिकणाऱ्याला नवा कळफलक मोकळा राहिला. एकाच यंत्रात दोन्ही वळणांना जागा दिल्याने कुणाची प्रगती खुंटली नाही.

विंडोज ८ च्या बाजूने जे खरे आहे तेही मान्य केले पाहिजे. ती विंडोज ७ पेक्षा लवकर सुरू होई, जुन्या यंत्रांवरही हलकी चाले. तिचा टास्क मॅनेजर आणि फाइली हलवतानाची खिडकी कितीतरी सुधारली होती. विषाणूंविरुद्धचे संरक्षण तिच्यात अंगभूत होते. बिघडलेली प्रणाली फाइली न गमावता ताजी करता येत असे. कीबोर्डवरची विंडोज कळ दाबून नाव टंकले की प्रोग्रॅम सापडे, आणि ज्यांना ही युक्ती साधली त्यांचे काम अडले नाही. समर्थक हेच सांगत. पण नाव टंकायला नाव आठवावे लागते, तेही इंग्रजी स्पेलिंगसह. मेनूचा उपयोग नेमका तेव्हा होतो जेव्हा नाव आठवत नसते आणि पाहून ओळखता येते. शोधाचे निकालही पहिल्या आवृत्तीत प्रोग्रॅम, सेटिंग्ज आणि फाइली अशा तीन वेगळ्या कप्प्यांत पडत, त्यामुळे वस्तू असूनही ‘काही सापडले नाही’ असे दिसे.

बाजाराचा निवाडा संमिश्र होता, पण त्याची दिशा उघड होती. सहा महिन्यांत दहा कोटी परवाने खपले असे कंपनीने मे २०१३ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या पहिल्या तिमाहीत मात्र जगभरातली संगणकांची पाठवणी १३.९ टक्क्यांनी घसरल्याचे आयडीसी या बाजारसंशोधन संस्थेने नोंदवले आणि त्याच्या कारणांत विंडोज ८ चे नाव स्पष्टपणे घेतले. घसरणीचे सगळे खापर या प्रणालीवर फोडणे अन्यायाचे होईल. पैसा फोन आणि टॅब्लेटकडे वळलाच होता. पण ज्या टॅब्लेटसाठी हा खटाटोप केला त्या सरफेस आरटीच्या न खपलेल्या साठ्यापोटी जुलै २०१३ मध्ये नव्वद कोटी डॉलर तोट्यात लिहावे लागले. सिनोफ्स्की तर प्रणाली बाजारात आल्यापासून तीन आठवड्यांच्या आत, नोव्हेंबर २०१२ मध्येच, कंपनीबाहेर पडले होते.

मग एकेक वीट परत बसवली जाऊ लागली. ऑक्टोबर २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये कोपऱ्यात बटण आले, पण दाबले की चौकोनांचीच भिंत उघडे. हवे असल्यास थेट डेस्कटॉपवर उतरण्याची मुभाही मिळाली. ८ एप्रिल २०१४ च्या सुधारणेत माऊसवाल्यांसाठी बंद करण्याची खूण पुढच्या पडद्यावर आणली, चौकोनांना उजव्या टिचकीचा मेनू दिला, पूर्ण पडद्याच्या प्रोग्रॅमना वर फुली दिली. योगायोग असा की त्याच दिवशी एक्सपीचा आधार संपला, आणि साडेबारा वर्षे जुन्या त्या प्रणालीवर अडून बसलेल्या कचेऱ्यांना स्थलांतर करणे भाग पडले. सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती दाखवली ती स्टार्ट मेनूसकट, शेजारी थोडे हलते चौकोन ठेवून. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० म्हणून ती आली. कीबोर्ड जोडलेला असेल तर एक मांडणी आणि सुटा असेल तर दुसरी, अशी सोय तिच्यात होती. यंत्राने माणसाचे हात कुठे आहेत ते विचारायला सुरुवात केली होती. स्पर्श हरला नाही. आज कितीतरी लॅपटॉपचे पडदे बोटाला ओळखतात, आणि पान सरकवायला किंवा चित्र मोठे करायला लोक सहज बोट लावतात. माऊसचे आणि टचपॅडचे काम मात्र त्याने घेतले नाही.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली आणि टास्कबारवरची चिन्हे, स्टार्टच्या बटणासकट, मधोमध सरकली. कोपरा पुन्हा रिकामा झाला. या वेळी मात्र सेटिंग्जमध्ये टास्कबारच्या खाली एक छोटी ओळ ठेवलेली आहे, चिन्हे मधोमध हवीत की डावीकडे एवढेच विचारणारी. डावीकडे निवडले की बटण त्याच कोपऱ्यात जाऊन बसते, १९९५ साली ते जिथे होते तिथे.